घशाशी अडलेलं

"मावशी! अगं मावशी, कुठे गेलीस? मला नुसती रिकामी खुर्ची दिसतेय!"

साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून भाची हाका मारत होती. आणि थोरली मात्र मोरीपाशी वाकून, एका हाताने भिंत धरून, घशात अडकलेला पावाचा तुकडा वर येण्याची वाट पाहत होती. दुधात भिजवून भिजवून ज्याचा अगदी लगदा केला होता, असा तो एवढासा तुकडा... पण तोही खाली उतरायला तयार नव्हता! डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छातीच्या मधोमध कुणी अंगठा रोवून धरल्यासारखं दुखत होतं, आणि तशातही तिच्या मनात एकच विचार होता, की पोरीला आवाज ऐकू जाता कामा नये.

तोंड धुऊन, चेहऱ्यावर हसू चिकटवून ती परत खुर्चीत येऊन बसली.

"अगं, दूध उतू जात होतं."

"दूध तुझ्या समोरच्या वाटीत आहे, मावशी." भाचीचा आवाज एकदम बारीक झाला. "मी रोज बघतेय. आधी तू माझ्याबरोबर नीट जेवायचीस. मग नुसता मऊ भात, मग सूप, आणि आता हे. गालांची हाडं वर आलीत तुझी. कधीपासून चाललंय हे?"

"साथीचे दिवस आहेत, कोण धड जेवतंय? सगळं सुरळीत झालं की..."

"डॉक्टरांकडे गेली होतीस?"

थोरलीला खोटं बोलता येत होतं, पण या पोरीच्या डोळ्यांत बघून नाही. ते डोळे हुबेहूब तिच्या आईचे, म्हणजे थोरलीच्या धाकट्या बहिणीचे होते. तिने मान खाली घातली आणि सांगून टाकलं, की साथ सुरू होण्याच्या जरा आधीच ती नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी दुर्बिणीची नळी घशातून आत घालून तपासायला सांगितलं होतं. काही मोठं नाही, सकाळी जायचं, दुपारी घरी. पण मग हे सगळं सुरू झालं, आणि...

"आणि तू गेलीच नाहीस! मावशी, मी आईला सांगते. ती रुग्णालयात याच तपासणीच्या विभागात नर्स आहे, रोज हेच तर..."

"नाही!" थोरली जवळजवळ ओरडलीच. "आईला एक अक्षर सांगायचं नाही. तुला माझी शपथ आहे!"

फोन बंद झाल्यावर ती कितीतरी वेळ त्या काळ्या काचेकडे पाहत राहिली. आपल्या तोंडून आत्ता काय बाहेर पडलं, हे तिचं तिलाच उमगेना. तेच शब्द... तोच, काळजाला चिमटा काढणारा स्वर! असाच स्वर तिने फार वर्षांपूर्वी, याच घरात, दुसऱ्या एका बाईच्या तोंडून ऐकला होता.

हे घर म्हणजे खाली लाँड्री आणि वर दोन खोल्या. लाँड्री आईने सुरू केली, वडील गेल्यानंतर. त्या वेळी थोरली शाळेत होती आणि धाकटी अजून बोबडं बोलत होती. पहाटे बंब पेटायचा, सगळं दुकान वाफेनं भरून जायचं, खिडक्यांच्या काचांवर घाम धरायचा, आणि त्या धुरकट उबेत साबणाचा, खळीचा आणि तापलेल्या इस्त्रीखालच्या सुताचा जो एक मिश्र वास दरवळायचा, तो आठवला की अजूनही थोरलीला आपण लहान आहोत असं वाटायचं. हॉटेलांच्या चादरी यायच्या, ढीगच्या ढीग. त्यांच्या घड्या घालायला दोन माणसं लागतात. एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी. चादर ताणायची, झटकायची, आणि मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं. धाकटी मधेच चादरीखालून घुसायची, थोरलीच्या पोटाला मिठी मारायची आणि खिदळायची. आई इस्त्रीवरून मान वर न करता म्हणायची, "चिमणे, घडी बिघडली तर तुलाच घडी घालून कपाटात ठेवीन हं!" आणि इस्त्रीवाले काका, ज्यांना तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलं होतं आणि जे आता पाठीत वाकले आहेत, ते गालातल्या गालात हसायचे.

काय दिवस होते ते! हातात काही नव्हतं, आणि तरी काही कमी नव्हतं...

थोरलीने कॉलेज अर्ध्यावर सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही. आईचे गुडघे सुजलेले तिला बघवेनात, एवढंच. एक चांगलं स्थळ चालून आलं होतं, त्यालाही तिने नकार दिला, कारण ती गेली असती तर चादरीचं दुसरं टोक कुणी धरलं असतं? आणि धाकटीला तर शिकायचं होतं. तिला परिचारिका व्हायचं होतं, अगदी लहानपणापासून; बाहुलीच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवून ती दिवसभर बसून राहायची. नर्सिंगच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला, त्या दिवशी आईने दुकान लवकर बंद केलं, आणि थोरलीने धाकटीचा पहिला पांढरा गणवेश स्वतःच्या हाताने खळ घालून असा कडक केला, की तो म्हणे हँगरशिवाय उभा राहिला असता! दर आठवड्याला मळलेले गणवेश वसतिगृहातून बसने यायचे आणि इस्त्री होऊन बसनेच परत जायचे. खिशात न चुकता एक गोळी असायची, लिमलेटची. ती थोरली ठेवायची.

आणि मग धाकटीचं शेवटचं वर्ष आलं. आणि आईच्या घशाशी घास अडायला लागला.

तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाले होते. मोठ्या रुग्णालयात जा, नळी घालून बघू द्या. थोरली त्याच दिवशी निघायला तयार होती. पण आईने तिचं मनगट घट्ट धरलं. आयुष्यभर इस्त्री धरलेला तो हात, दुखण्यातही केवढा जड!

"चिमणीची परीक्षा तोंडावर आलीय. तिच्याच रुग्णालयात जायचं म्हणजे तिला कळणार. कळलं की ती पुस्तकं फेकून माझ्या उशाशी येऊन बसेल. मी ओळखते तिला. परीक्षा होऊ दे, मग जाऊ."

"आई, पण तोवर..."

"तोवर काही मरत नाही मी! आणि पुढेही कधी तिला कळता कामा नये, की तिच्यासाठी थांबले म्हणून. तुला माझी शपथ आहे."

लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक होतं. प्रात्यक्षिकानंतर आणखी काहीतरी. आई प्रत्येक वेळी पुढे ढकलत राहिली आणि थोरली रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडत राहिली. धाकटी पास होऊन, हातात पेढ्याबिढ्याऐवजी नुसता आनंद घेऊन धावत घरी आली, तेव्हा आईच्या अंथरुणावर फक्त हाडं उरली होती... आणि तिला बघून उजळलेले दोन डोळे.

आई गेली त्या दिवशी, वरच्या या खोलीत, धाकटीने थोरलीचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले होते.

"तू इथे होतीस ना? रोज बघत होतीस ना? मी नर्स आहे, ताई! मला एक फोन केला असतास! इतके महिने तू काय करत होतीस?"

आणि थोरलीने, जिच्या ओठांवर सत्य अगदी थरथरत उभं होतं, तिने ते गिळलं. या पोरीला कळलं, की आई आपल्या परीक्षेपायी गेली, तर ती तो पांढरा गणवेश पुन्हा अंगावर चढवेल का? जन्मात कधी स्वतःला क्षमा करेल का? त्यापेक्षा तिने आपल्याला क्षमा न केलेली परवडली!

"हॉटेलांच्या चादरींचं मोठं काम होतं," थोरली म्हणाली होती. "दुकान सोडून जाता आलं नाही."

धाकटीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस विंचवाकडे बघतं. "आजपासून मला बहीण नाही," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

ती गेली ती गेलीच. तिचं लग्न झालं, मुलगी झाली, त्याच रुग्णालयात ती मोठ्या हुद्द्याला चढली. हे सगळं थोरलीला इकडून तिकडून कळायचं. पुढे भाची मोठी झाली आणि एक दिवस आपणहून लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. "तुम्ही माझी मावशी ना?" म्हणाली. त्या दिवशी काउंटरवर ठेवलेला कुणाचासा कोट थोरलीच्या आसवांनी पुन्हा धुवावा लागला!

आता लाँड्री महिनोन् महिने थंड होती. हॉटेलं बंद, कचेऱ्या बंद. लोकांना इस्त्रीचे कपडे घालून जायचं तरी कुठे? काका सवयीने रोज सकाळी यायचे, मास्क लावून बाकाच्या एका टोकाला बसायचे आणि थोरली दुसऱ्या टोकाला.

"सगळे म्हणतात तुम्ही साथीला घाबरता," एके दिवशी काका म्हणाले. "डॉक्टरांचे दोनदा फोन येऊन गेले. पण तुम्ही घाबरणाऱ्यातल्या नाही, हे मला ठाऊक आहे."

घाबरत तर थोरली होतीच. कोण घाबरत नव्हतं? पलीकडच्या गल्लीतला शिंपी नुसता दात काढायला गेला आणि ताप घेऊन आला, असं लोक सांगत. रुग्णालय म्हटलं की आत जाणारी वाट तेवढी दिसायची, बाहेर येणारी नाही. पण त्या भीतीच्या आडोशाला तिने आणखी एक भीती लपवली होती. छोटी छोटी तपासणी केंद्रं सगळी बंद पडली होती. नळीची तपासणी चालू होती ती एकाच मोठ्या रुग्णालयात. आणि त्या विभागाची मुख्य परिचारिका होती... तिची चिमणी! तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं? आणि गेलं, आणि आईचंच दुखणं निघालं, तर ती काय म्हणेल? देवाने न्याय केला, असंच ना?

त्या शपथेनंतर दोन दिवसांनी भाचीचा फोन आला.

"सोमवारी सकाळी जायचंय, मावशी. उपाशीपोटी. आदल्या दिवशी नाकातला नमुना घ्यायला माणूस घरी येईल. सगळं ठरलंय."

"तू... तू आईला सांगितलंस? मी शपथ घातली होती!"

"तू घातलीस. मी कुठे घेतली?" पोर रडवेली झाली होती, पण मागे हटत नव्हती. "ऐकलं आणि आई उठून आत गेली. हल्ली ती वेगळ्या खोलीतच राहते ना, माझ्याजवळ येत नाही, रुग्णालयातून काही आणेल म्हणून. सकाळी दाराआडून म्हणाली, तिला सोमवारी पाठव. आणि सांग, त्या दिवशी माझी तिथे ड्युटी नाही. निश्चिंत मनाने ये म्हणावं."

थोरलीच्या मनाला एकाच वेळी केवढा दिलासा वाटला, आणि केवढं दुःख!

रुग्णालयाच्या दारातच एका माणसाने तिच्या कपाळावर पिस्तुलासारखं यंत्र रोखलं, दुसऱ्याने बोटाला चिमटा लावला. काकांना बाहेरच थांबवलं. आत लांबलचक दालनात एकाआड एक खुर्चीवर फुल्या मारलेल्या, आणि उरलेल्या खुर्च्यांवर नाकातोंडाला मुसकं बांधलेली माणसं, एकमेकांकडे चोरासारखी बघत बसलेली. कुणी खोकलं की सगळ्यांच्या माना तिकडे.

"मुतखड्यासाठी घातलेली नळी आहे माझ्या आत," पलीकडचा एक बसचालक न विचारताच सांगू लागला. "कधीच काढायची होती. मी म्हटलं, साथ जाऊ दे. साथ कसली जातेय! नळीच जीव घ्यायला उठली."

"मला तर डॉक्टरपेक्षा दाराच्या कड्यांचं भय," केकचं दुकान चालवणारी एक स्थूल बाई म्हणाली. "सगळी दारं कोपराने उघडते. काल नवऱ्याला झोपेत कोपर मारलं, दार समजून!"

मास्कांच्या आडून दबकं हसू फुटलं. थोरलीही हसली, किती दिवसांनी!

"हसा, हसा," कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "माझी बायको अशीच म्हणायची, आपलं दुखणं काय, थांबू शकतं. साथ मोठी. दुखण्याला कुठे माहीत असतं, बाहेर साथ आहे म्हणून?"

आतून थोरलीच्या नावाचा पुकारा झाला.

त्या खोलीत सगळेच सारखे दिसत होते. डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, तोंडावर काचेचा पडदा, डोळेसुद्धा चष्म्याआड धुरकटलेले. डॉक्टर कोण, नोकर कोण, काही उमगू नये! इस्त्रीचा एकही कपडा कुणाच्या अंगावर नव्हता. तिला डाव्या कुशीवर निजवलं, घशात कडू फवारा मारला, दातांत एक कडं अडकवलं. घसा बधिर होत गेला, तसं उठून पळून जावं, असं वाटलं...

तेवढ्यात त्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांतली एक पुढे झाली आणि तिने थोरलीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. हातमोजे घातलेले हात. पण ते डोकं धरणं! जणू कुणी ओंजळीत पाणी धरावं. हातातल्या सुईतून काहीतरी गार नसांत शिरलं, आणि खोली विरघळत गेली. वाफ आली, खळीचा वास आला, आणि धुक्यातून आई येताना दिसली, खांद्यावर चादरींचा ढीग घेऊन...

जाग आली तेव्हा ती दुसऱ्याच खोलीत होती. पडदे ओढलेले. पलंगाशी स्टुलावर कुणीतरी बसलं होतं, तोच प्लॅस्टिकचा पोशाख, तोच पडदा. पण पडद्याची काच आतून संपूर्ण पाणावली होती आणि खांदे हलत होते.

"कुठली परीक्षा, ताई?"

'ताई'! इतक्या वर्षांत त्या आवाजाने हा शब्द उच्चारला नव्हता.

"तू... तुझी आज ड्युटी नव्हती ना?"

"खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस?" धाकटी पुढे झुकली. "माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. नळी काढल्यापासून तू सारखी बोलत होतीस. आई, तिची परीक्षा झाली गं... आता तरी चल ना तपासायला... आता सांगू का तिला? हेच. पुन्हा पुन्हा. कुठली परीक्षा?"

"गुंगीत माणूस काहीही बरळतं."

"माझं आयुष्य गेलं गुंगीतली माणसं बघण्यात. खोटं बोलायला शुद्ध लागते, ताई!"

थोरलीने डोळे मिटून घेतले. पण बंद पापण्यांतून आसवं निघालीच, आणि त्यांच्यामागोमाग शब्दही. आईने धरलेलं मनगट, ती शपथ, लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, उशीतलं रडणं... आणि हॉटेलांच्या चादरींचं ते खोटं. घसा बधिर होता, आवाज घोगरा होता, पण इतक्या वर्षांचं अडलेलं सगळं बाहेर येत होतं.

धाकटी ऐकत राहिली. थोरलीला वाटलं, आता ती पायांशी पडेल, क्षमा मागेल. आणि तिने ओठांवर शब्द तयार ठेवले, की वेडे, त्यात काय एवढं...

पण धाकटी उठून उभी राहिली होती.

"तुला काय अधिकार होता?"

"अगं, तू ते ओझं घेऊन कशी जगली असतीस? म्हणून मी..."

"आणि मी जगले ते कसलं ओझं घेऊन? ज्या बहिणीने मला वाढवलं तिचा द्वेष! तो हलका होता? परीक्षा पुढच्या वर्षी देता आली असती, ताई. आई पुढच्या वर्षी मिळणार होती का? तिच्या उशाशी बसायचं की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही! तिने ठरवलं, तू ठरवलंस. तुम्ही दोघींनी मला शहाणं केलंत, नर्स केलंत, आणि माझ्या आईच्या मरणातून मलाच बाहेर काढलंत!" तिचा आवाज चिरकला. "तू मला रागवायला दिलंस, ताई... रडायला दिलंच नाहीस!"

थोरली थिजून गेली. आयुष्यभर तिने तो त्याग एखाद्या दागिन्यासारखा काळजाच्या आत जपून ठेवला होता. एकटेपणाच्या संध्याकाळी तो काढून बघायचा, आणि म्हणायचं, निदान हे तरी मी केलं! त्या त्यागाला आणखी एक बाजू आहे, ज्याच्यासाठी तो केला त्याच्या अंगावर त्याचे वळ उठलेले आहेत, हे तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. आणि आताही ती काय करत होती? तेच! घास अडत होता, हाडं वर येत होती, आणि ती एका पोरीला शपथा घालत होती...

"चुकलं माझं," ती पुटपुटली. "चिमणे, चुकलं गं माझं..."

ते नाव कानावर पडलं मात्र, आणि धाकटीचा सगळा राग वितळून गेला. ती गुडघ्यांवर बसली आणि तो प्लॅस्टिकचा पोशाख, तो काचेचा पडदा, ते हातमोजे, सगळ्यासकट तिने थोरलीच्या कुशीत डोकं घातलं. प्लॅस्टिक कुरकुरत होतं, काच थोरलीच्या हनुवटीला टोचत होती. "मी जवळ येऊ नये खरं तर," ती हुंदक्यांतून म्हणत होती, "रोज कुठल्या कुठल्या वॉर्डातून फिरते मी..." पण बाजूला होत नव्हती. आणि मग दोघी मिळून रडल्या, आईसाठी. ज्या दिवशी रडायला हवं होतं त्या दिवसापासूनचं सगळं.

दुपारी डॉक्टर येऊन उभे राहिले. अन्ननलिका एका जागी आवळली होती, तिथे फुगा फुगवून वाट मोठी केली होती. पण त्याच जागी एक संशयास्पद चट्टाही होता, त्याचे तुकडे तपासायला पाठवले होते. "साथ संपेपर्यंत थांबला असतात," ते म्हणाले, "तर आज जे बोलतोय ते बोलायला काही उरलं नसतं."

काकांच्या हाताला धरून थोरली घरी आली. संध्याकाळी तिने चमचाभर मऊ भात तोंडात घातला आणि तो घशाखाली उतरला. साधा भात... पण तिने डोळे मिटून तो असा खाल्ला, जसा आईने भरवलेला घास!

मग काही दिवस त्या तुकड्यांच्या अहवालाची वाट पाहण्यात गेले. भाची फोनवर विनोद सांगायची, काका उगाचच रिकाम्या टेबलावरची धूळ झटकत राहायचे. आणि एका सकाळी, इस्त्री तापवून थोरली कुणाचे तरी पडदे पसरत असताना, लाँड्रीच्या दारात धाकटी येऊन उभी राहिली.

ती आत आली नाही. उंबऱ्यावरच उभी राहून तिने दुकानभर नजर फिरवली: बंब, खुंट्या, खिडकीच्या काचेवरचा ओलावा. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि थोरलीला त्या डोळ्यांतच सगळं वाचता आलं.

"आहे ना?" तिने विचारलं.

"आहे." धाकटी म्हणाली. "पण अगदी सुरुवातीचं आहे, ताई. मी स्वतः डॉक्टरांशी दोनदा बोलले. शस्त्रक्रिया करावी लागेल, त्यापुढेही थोडे उपचार. पण आईसारखं नाही. वेळेवर सापडलंय."

थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली. मागच्या बाकावर काकांनी पाठ वळवली होती. त्यांचा हात डोळ्यांकडे गेलेला तिला दिसला.

"बरं झालं," ती घाईघाईने म्हणाली. "तू मुळीच काळजी करू नकोस. काका येतील माझ्याबरोबर. तुझ्यावर आधीच कामाचा डोंगर, त्यात पोरगी घरी एकटी... मी काय, ठणठणीत आहे. रजाबिजा काढायची काही गरज नाही, मी आपली..."

बोलता बोलता ती थांबली. धाकटी नुसती बघत होती. वाट बघत होती.

थोरलीने पडद्याची घडी घालायला घेतली. एकटीच्या हाताने ती जमेना, तेव्हा तिने ती तशीच सोडून दिली.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "नाही गं. मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय. तू ये माझ्याबरोबर... तू थांब माझ्याजवळ."

धाकटी उंबरा ओलांडून आत आली. कोपऱ्यातलं स्टूल तिने ओढलं, खिडकी उघडून त्या उजेडात ठेवलं आणि त्याच्यावर बसली, जशी लहानपणी दुपारची शाळा सुटल्यावर येऊन बसायची तशी.

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "आता सांग. पहिल्यापासून सांग. पहिला घास अडला, तो दिवस कुठला?"

आणि थोरली तिच्यासमोर बसली, आणि काहीएक न लपवता सांगू लागली.